राज्याने कारखान्यांवरचा कर कमी केला, तर गोव्यात वस्तू स्वस्त होतील का?

तुम्ही विचारलंय की गोवा सरकारने इथल्या कारखानदारांचा कर उतरवला, तर दुकानातला भाव उतरेल का. मी फोंड्यात राहतो, गेली पंधरा वर्षं कुंडई-बेतोड्याकडच्या छोट्या कारखान्यांचे हिशेब लिहितो. माझं उत्तर: कुठला कर, त्यावर आहे. ज्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे खरेदीवर भरलेला जो कर विक्रीवरच्या करातून वजा करता येतो, तो कारखानदाराच्या खर्चात येतच नाही. ज्याचं मिळत नाही तो गुपचूप भावात जाऊन बसतो.

माझ्याकडे दोन गिऱ्हाइकं आहेत. एक लोणची करतो, दुसरा काजूची फेणी बाटलीत भरून विकतो. समजा, दोघांनी गोव्यातल्या एकाच व्यापाऱ्याकडून ३० रुपयांची काचेची बाटली घेतली. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५ रुपये ४० पैसे. लोणचेवाला विक्रीवरचा कर भरताना हे ५.४० वजा करून घेतो. त्याला बाटली ३० लाच पडते. फेणीवाल्याला मात्र ३५.४० ला, कारण पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे. तिच्यावर राज्याचा अबकारी कर आणि व्हॅट (विक्रीवरचा कर), आणि त्यांतून बाटलीवरचा जीएसटी वजा होत नाही. पुढे घाऊक आणि किरकोळ विक्रेते आपलं मार्जिन टक्क्यांनी लावतात, ते या ५.४० वरही लागतं. पहिल्या वर्षी हा फेणीवाला बाटल्यांची सगळी बिलं नीट टाचून घेऊन आला होता. सीजीएसटी-एसजीएसटीच्या, म्हणजे केंद्राच्या आणि राज्याच्या वाट्याच्या, दोन ओळींवर बोट ठेवून म्हणाला, "हे परत कधी मिळणार?" मिळणार नाही, हे सांगताना मलाच वाईट वाटलं. त्यांतली एसजीएसटीची ओळ, बाटलीमागे २ रुपये ७० पैसे, गोवा सरकारच्याच तिजोरीत जाते. आणि याच फेणीला २००९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्याचा आपल्याला केवढा अभिमान!

डिझेलचंही तेच. कच्चा माल बहुतेक घाटावरून येतो, चोर्ल्याच्या नाहीतर अनमोडच्या घाटाने. ट्रकच्या डिझेलवरच्या व्हॅटचं क्रेडिट कुणालाच नाही, वीज गेल्यावर चालणाऱ्या जनरेटरच्या डिझेलचंही नाही. तो लोणच्यातही येतो आणि फेणीतही.

जीएसटीचा दर मात्र गोव्याला एकट्याने बदलता येत नाही, तो केंद्र आणि सगळ्या राज्यांच्या जीएसटी कौन्सिलमध्ये ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लोणच्यावरचा दर १२ वरून ५ टक्के झाला. तो कर मुळात दुकानातलं गिऱ्हाईकच भरत होतं, त्यामुळे लोणचेवाल्याने नवीन एमआरपीची लेबलं चिकटवली आणि भाव खरोखर उतरला.

राज्याचा हात पोचतो तो इंधन, अबकारी आणि दारूवरच्या व्हॅटपर्यंत. २०१२ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला, तेव्हा लिटरमागे सुमारे ११ रुपये उतरले, आणि पंपावरच्या पाटीवर ते सगळ्यांना दिसले. कारखान्याला दिलेली सूट अशी पाटीवर दिसत नाही. स्पर्धा असली तर भाव उतरतो, नसली तर सूट मालकाकडेच राहते.

सरकार इंधनाला हात लावायला कचरतं, याचं कारणही समजून घ्यायला हवं. वेर्ण्यात बनलेलं औषध पुण्यात विकलं गेलं, तर त्यावरच्या करातला राज्याचा वाटा महाराष्ट्राला मिळतो, कारण जीएसटी माल जिथे खपतो तिथला. इतक्या लहान राज्यात खप तो किती असणार! म्हणून हातात असलेला इंधनावरचा कर सरकारला सोडवत नाही.

तरी मला विचाराल तर सरसकट सूट नको. छोट्या फेणीवाल्यांना बाटलीवरचा राज्याचा वाटा, ते २.७० रुपये, खरेदीची बिलं बघून सरकारने आपल्या योजनेतून परत द्यावेत. त्यासाठी कौन्सिलकडे जावं लागत नाही, आणि बिलं तर त्या माणसाने अजून टाचून ठेवलेली आहेत.