पिकअपच्या पुढून चिरका आवाज: आधी आतला पॅड बघा

दादा, तुमची अडचण मला समजली ती अशी. १ लाख १० हजार किलोमीटर झालेली पिकअप, मोहोळहून सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा आणायचा. आठ-दहा दिवस झाले, पुढून, बहुतेक उजव्या चाकाकडून, चिरका आवाज येतोय. ब्रेकवर हलका पाय ठेवला की बंद, पाय काढला की परत सुरू. एका गॅरेजवाल्यानं बेअरिंग बदला म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं फॅनबेल्ट. तुम्ही रिमच्या भोकातून टॉर्च मारून पाहिलं तर पॅड ‘बराच शिल्लक’ दिसला.

मला काळजी वाटली ती या शेवटच्या वाक्याची. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला दोन्हीकडून दाबून गाडी थांबवतात ते ब्रेकचे दोन पॅड. भोकातून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला, इंजिनकडचा पॅड चाक काढल्याशिवाय नीट दिसत नाही, आणि या गाड्यांत आधी संपतो तो बहुतेक वेळा तोच.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी हीच चूक केली. बाहेरचा पॅड चांगला ५-६ मिलिमीटर दिसत होता, म्हणून तीन आठवडे तशीच गाडी पळवली. चिरका आवाज एक दिवस आपोआप थांबला. मला वाटलं, खडाबिडा असेल, पडला. दोन दिवसांनी तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर सुरू झाली आणि गाडी एका बाजूला ओढायला लागली. मागे माल होता. कशीबशी खाली आणली. चाक उघडलं तर आतल्या पॅडचं मटेरियल पूर्ण संपलेलं, नुसती पत्र्याची पाठ डिस्कवर घासून तिला नांगरासारखे चर पडलेले. डिस्क टाकून द्यावी लागली. म्हणून सांगतो, आवाज आपोआप बंद झाला तर निर्धास्त होऊ नका.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे गॅरेजवाल्याला नेमकं सांगता येईल. आपल्या पिकअपच्या कॅलिपरला, म्हणजे दोन्ही पॅड धरून डिस्कवर आवळणाऱ्या चिमट्याला, पिस्टन एकाच बाजूला असतो, आतल्या. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोरानं अख्खं कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतं. या पिना धुळीनं, गंजानं किंवा रबरी टोपी फाटून अडकल्या की कॅलिपर सरकत नाही. मग सगळा दाब आतल्या पॅडवर, आणि पाय काढल्यावरही तो पुरता मागे येत नाही, घासतच राहतो. उन्हाळ्यातली धूळ आणि नंतर पावसाचा चिखल, यात पिना लवकर धरतात.

आता आवाजाचं. बऱ्याच पॅडना एक छोटी स्टीलची पत्री असते. मटेरियल २-३ मिलिमीटरच्या आसपास आलं की ती डिस्कला टेकते आणि किंचाळते. ती मुद्दाम दिलेली सूचना आहे. नुसती टेकलेली असताना पत्री थरथरते म्हणून आवाज. तुम्ही ब्रेक दाबला की पॅड घट्ट बसतो, थरथर थांबते. तुमचं लक्षण याच्याशी तंतोतंत जुळतं. सगळ्याच पॅडना ही पत्री नसते, स्वस्तातल्यांना तर नसतेच कित्येकदा. त्यामुळे आवाज नाही म्हणजे पॅड आहे, असंही धरू नका.

बेल्टची शंका पाच मिनिटांत मिटवता येते. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस द्या. उभ्या गाडीत आवाज येत नसेल तर बेल्टला हात लावायचं कारण नाही. सपाट मोकळ्या रस्त्यावर ३०च्या वेगात क्लच दाबून बघा: इंजिनचे फेरे उतरले तरी आवाज तसाच राहिला, तर तो चाकाचा. उभ्या गाडीत आला, विशेषतः सकाळी स्टार्ट केल्यावर, तर मात्र बेल्ट बघा, कारण त्या वेळी अल्टरनेटर बॅटरी भरत असतो आणि बेल्टवर ताण जास्त असतो. बेल्टच्या दातेरी बाजूवर लांबूनच थोडं पाणी उडवा, हात आणि कपडे लांब ठेवून. आवाज वाढला तर बेल्ट ढिला पडून घसरतोय. क्षणभर थांबून परत आला तर पुली, म्हणजे बेल्ट ज्यांवरून फिरतो ती चाकं, सरळ रेषेत नाहीत. साबण चोळायचा उपाय करू नका, त्यानं दुखणं फक्त झाकलं जातं. आणि बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीमागे असतो. तिथं बेल्ट तुटला तर चार्जिंग तर जातंच, ब्रेकही दगडासारखा कडक होतो.

बेअरिंगचा आवाज सहसा चिरका नसतो, घरघर असते. वेगाबरोबर वाढते आणि ब्रेकनं थांबत नाही. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर येतं; तेव्हा घरघर वाढली तर उजवं बेअरिंग. तुमच्यात यातलं काही दिसत नाही. माझ्या मते आज बेअरिंगवर पैसे घालू नका.

एक शक्यता उरते, डिस्कमागच्या पत्र्यात अडकलेला खडा. कच्च्या रस्त्यावर, शेतात गाडी घालता म्हणजे हे होऊ शकतं. चाक काढल्यावर तेही दिसेलच.

तर माल उतरवून, सपाट जागेवर, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावून चाक काढा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. पॅडची धूळ हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. ती छातीत जायला नको. आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवून बघा. जाडीत स्पष्ट फरक असला तर नुसते पॅड बदलून भागणार नाही, पिना काढून साफ करायला सांगा. हाताच्या जोरानं सहज आत-बाहेर सरकल्या पाहिजेत. ग्रीस लावायचं ते ब्रेकचं, जास्त उष्णता सोसणारं. साधं चासीचं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिना पुन्हा धरतात; हे बरेच जण चुकतात. पिना मोकळ्या असूनही पिस्टन मागे ढकलला जात नसेल तर कॅलिपरचं किट बदला.

पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदला, एका बाजूचे कधीच नाही. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्याच्या खाली गेली असेल तर लेथवाल्याकडे नेऊन घासून घ्यायचा उपयोग नाही. पॅड झिजले की ब्रेक ऑइलची पातळी उतरते. मध्ये कुणी ते भरून ठेवलं असेल तर पिस्टन मागे ढकलताना टाकीतून उतू जाईल आणि रंग खाईल, लक्ष ठेवा.

नवे पॅड बसल्यावर पहिल्याच दिवशी भरलेली गाडी काढू नका. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक टाळा. चाकाचे नट आलटून-पालटून समोरासमोरचे आवळा, आणि ५०-१०० किलोमीटरनंतर परत एकदा पान्हा लावून बघा.

तोपर्यंत कांद्याची खेप दुसऱ्या गाडीतून पाठवा. चाक उघडलं की आतल्या पॅडची जाडी किती भरली आणि पिना सरकतात का, एवढं कळवा. मग डिस्कचं काय करायचं ते सांगतो.