तिसरीतला मुलगा वाचताना फार अडखळतो. त्याला वाचनाचं ध्येय कसं ठरवून द्यावं?

ठरवून देऊ नका, त्यालाच ठरवू द्या. पण आधी गाडी नेमकी कुठे अडते ते बघा. बालभारतीच्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा, मध्ये टोकू नका, चुकलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने टिंब द्या. बहुतेक टिंबं एकाच जातीच्या शब्दांवर पडतात. माझ्या वर्गातली एक मुलगी 'सूर्य'ला 'सुरय' म्हणायची आणि 'धर्म'ला 'धरम'. बाकी जोडाक्षरं ठीक, फक्त रफार दिसला की संपलं! (आपल्या 'र'ची रूपं तरी किती: सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या.) घ-ध, भ-म हे गोंधळ तर नेहमीचेच.

मग ध्येय एवढंसंच. तिने स्वतः ठरवलं, 'या आठवड्यात रफाराचे 10 शब्द.' चिठ्ठ्या करून काडेपेटीत ठेवल्या. न अडखळता वाचलेली चिठ्ठी दुसऱ्या पेटीत. शनिवारी 2 उरल्या, त्या पुढच्या आठवड्यात गेल्या. 'रोज तासभर वाच' हे ध्येय नव्हे, ती शिक्षा झाली.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान 60 शब्द, तेही अर्थ समजून, अशी अपेक्षा आहे. तो आकडा तुमच्या माहितीसाठी. मुलासमोर घड्याळ लावून बसू नका. त्यापेक्षा महिन्याने तोच परिच्छेद पुन्हा वाचून घ्या आणि टिंबं त्यालाच मोजू द्या.

आणि हो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: डोळे तपासून घेतलेत ना?