स्केचमधली मापे ड्रॉइंगवर आणताना

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीतील एका छोट्या कारखान्यात मी ड्राफ्ट्समन आहे. सॉलिडवर्क्स या त्रिमितीय डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्केचला (ज्या आकृतीवरून भागाचे मॉडेल बनते तिला) दिलेली मापेच ड्रॉइंगवर, म्हणजे भाग बनवण्यासाठीच्या आराखड्यावर, आणावीत, की तेथे नव्याने टाकावीत? मी आणून पाहिली, तेव्हा काही मापे आलीच नाहीत. शिवाय एक माप ड्रॉइंगवर बदलले, तर मूळ मॉडेलच बदलले.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आणावीत, मात्र स्केच त्या दृष्टीने काढलेले असावे. ‘मॉडेल आयटम्स’ या आदेशाने ड्रॉइंगवर येणारे माप हे मॉडेलचेच माप असते, त्यामुळे ते बदलले की भाग बदलणारच, आणि त्याला दिलेला टॉलरन्सही (मापात चालणारा कमी-जास्त फरक) सोबत येतो. ड्रॉइंगवर नव्याने टाकलेले माप मॉडेलबरोबर बदलते, पण त्यावरून मॉडेल बदलता येत नाही. न आलेल्या मापांबाबत आधी त्या मापाची ‘मार्क फॉर ड्रॉइंग’ ही खूण तपासावी, आणि स्केचच्या प्रतलाला समांतर असा व्ह्यू (भागाचे त्या बाजूने दिसणारे चित्र) ड्रॉइंगवर आहे का, हेही पाहावे. जी जागा समान किंवा सममित अशा रिलेशनने (रेषा-बिंदूंमधल्या भौमितिक अटीने) ठरली आहे, तिला मुळात माप नसतेच.

खरी अडचण याहून वेगळी आहे. समजा, 120 मिमी लांबीच्या पट्टीत दोन भोके आहेत. स्केच काढताना सोयीसाठी आपण डाव्या कडेपासून पहिल्या भोकापर्यंत 15 आणि तेथून दुसऱ्यापर्यंत 90 अशी मापे दिली. ती जशीच्या तशी ड्रॉइंगवर गेली आणि ज्या मापांना वेगळा टॉलरन्स दिलेला नाही त्यांच्यासाठीच्या आयएसओ 2768 या मानकाचा मध्यम वर्ग लागू असला, तर 15 ला ±0.2 व 90 ला ±0.3 मिळून दुसऱ्या भोकाची जागा कडेपासून ±0.5 पर्यंत हलू शकते. तेच माप कडेपासून थेट 105 दिले, तर ±0.3 पुरतेच राहते. जोडणीत पट्टी डाव्या कडेलाच टेकत असेल, तर हा फरक फार मोठा आहे, आणि मिलिंग मशिनवर जॉब (घडवायची पट्टी) त्याच कडेला स्टॉपर लावून बसवणाऱ्या ऑपरेटरलाही 105 हेच माप हवे असते. उलट, दोन भोकांतले अंतरच समोरच्या भागाशी जुळायचे असेल, तर 90 ठेवणेच बरोबर. हा निर्णय सॉफ्टवेअर घेत नाही. म्हणून ड्रॉइंगवर जादा मापे टाकून वेळ मारून नेऊ नये; स्केचमधले 90 काढून तेथे कडेपासून 105 द्यावे आणि मगच मापे आणावीत.