तलाव 'हाय हझार्ड' म्हणजे फुटायला आलाय का?

प्रश्न: आमचं गाव उत्तर सोलापूर तालुक्यात, तलावाच्या बांधाखाली माझी साडेतीन एकर आहे. ग्रामसभेत कुणीतरी म्हणालं आपला तलाव 'हाय हझार्ड'मध्ये टाकलाय, तेव्हापासून आईला पावसात झोप नाही. त्यात बांधाच्या पायथ्याला वर्षभर ओल असते, लव्हाळा माजलाय. शेत विकून टाकू का?

उत्तर: विकू नका हो दादा, आधी नीट समजून घ्या. हझार्डचा वर्ग म्हणजे धरणाची तब्येत नव्हे. समजा उद्या फुटलंच तर खाली किती माणसं, घरं, रस्ते सापडतील त्यावरनं तो ठरतो, बांध ठणठणीत असला तरी. आपला हिप्परगा तलावच बघा की, 1871 चा मातीचा बांध, तेव्हा खाली काय होतं आणि आज आदिला नदीच्या काठाला काय काय बांधून ठेवलंय! बांध तोच, पण खाली प्लॉटिंग झालं की वर्ग वर सरकतो.

तब्येतीची वर्गवारी वेगळी. तपासणीत सापडलेल्या त्रुटी तीन वर्गांत टाकतात आणि तिथं पहिला नंबर सगळ्यात वाईट, म्हणजे धरण जाऊ शकेल एवढी मोठी त्रुटी. तुम्ही शाखा अभियंत्यांना हेच विचारा, त्रुटी कुठल्या वर्गात आहेत. पंधरा मीटरच्या वरच्या धरणांना 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची आहे.

आता ओलीचं. मातीचं धरण पाझरतंच, न पाझरणारं मी तरी बघितलेलं नाही. मधे काळ्या मातीचं हार्टिंग म्हणजे पाणी अडवणारा गाभा, दोन्ही अंगाला मुरमाचं केसिंग म्हणजे बाहेरचं आवरण आणि खाली वाळूचा फिल्टर म्हणजे गाळणी न् दगडी टो म्हणजे बांधाचा पायथा, आत शिरलेलं पाणी माती न नेता बाहेर पडावं म्हणून. तर तिथलं पाणी काचेच्या ग्लासात धरा, स्टीलच्या नको, अर्धा तास ठेवा. नितळ राहिलं तर आज घाबरायचं कारण नाही, पण तळाला गाळ बसला तर आतली माती निघतीये, खालनं भोक पडतं आणि ते पोखरत पोखरत तलावाकडे सरकतं. असं दिसलं किंवा वाळू उकळल्यासारखी वर येताना दिसली तर त्याच दिवशी तलाठी, शाखा अभियंता, तहसील, सगळ्यांना फोन करा आणि बांधाखाली रात्री कुणी झोपू नका. एरवी वहीत तारीख, तलावाची पातळी आणि पाझर किती ते लिहीत जा, पातळी तेवढीच आणि पाझर मात्र वाढला तर ते वाईट.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूणचं तिवरे धरण फुटलं तेव्हा खापर खेकड्यांवर फोडलं होतं, महाराष्ट्रभर हसू झालं. बिळं वाईटच असतात, पण ती बुजवायचं काम काही खेकड्यांचं नाही.

प्रश्न: बांधावरच्या बाभळी आम्हीच तोडल्या तर?

उत्तर: नुसत्या तोडू नका. बुंधा तोडला की मुळं आत कुजतात आणि पाण्याला आयती वाट होते, मुळासकट काढून तिथं माती थराथराने ठोकून भरावी लागते, ते खात्याकडनं उन्हाळ्यातच करून घ्या. तुम्हाला हात चालवायचाच असेल तर सांडव्यावर कुणी वाळूची पोती रचलीत का बघा, फूट-दोन फूट जास्त पाणी अडवायला लोक रचतात, आणि मातीच्या बांधावरनं एकदा पाणी वाहायला लागलं की तो तासाभरात कापला जाऊ शकतो.