20 हजारांत गेमिंग मॉनिटर घ्यायचाय. आयपीएस, व्हीए की ओलेडसाठी थांबू?

तुम्ही लिहिलंय की रोज व्हॅलोरंट हा वेगवान नेमबाजीचा गेम खेळता, अधूनमधून गोष्टीवाले गेमही खेळता आणि दुकानदार व्हीए गळ्यात मारतोय. आयपीएस, व्हीए आणि ओलेड हे पडद्याच्या बनावटीचे तीन प्रकार, त्यातला आयपीएस घ्या. 24 इंच, 1080पी (आडवे 1920, उभे 1080 ठिपके), 144 किंवा 165 हर्ट्झ (पडदा सेकंदाला इतक्या वेळा चित्र बदलतो). हे इतकं ठामपणे सांगतोय, कारण याच प्रश्नावरून माझा माझ्या मावसभावाशी चार वर्षं वाद चालू आहे आणि तो मी अजून सोडलेला नाही.

2021 मध्ये मला पहिला बोनस मिळाला. तोपर्यंत ऑफिसने काढून टाकलेल्या 60 हर्ट्झच्या मॉनिटरवर खेळत होतो. आमच्याकडे फोन असो, फ्रीज असो, काहीही घ्यायचं तर आधी या मावसभावाला, म्हणजे दादाला, विचारायचं. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, आयटीत आहे. त्याला घेऊन मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात गेलो. मी आयपीएस ठरवूनच गेलो होतो. दादा दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला, "आयपीएसचं काळं म्हणजे राखाडी. याचा कॉन्ट्रास्ट 1000 ला 1, व्हीएचा 3000 ला 1. आकडे बघ ना जरा." आकडे खरे होते; कॉन्ट्रास्ट म्हणजे पांढरं काळ्याच्या किती पट उजळ दिसतं ते. खोक्यावर ठसठशीत 1 एमएस, म्हणजे 1 मिलिसेकंद, लिहिलं होतं, 165 हर्ट्झ लिहिलं होतं. 27 इंची, वक्र पडद्याचा. मी पैसे दिले. ग्रँट रोडहून दादर, दादरहून डोंबिवली, तो खोका सांभाळत लोकलने घरी आणला.

पहिल्या रात्री मी खूश होतो. आईबाबा झोपले की हॉलमधला दिवा बंद करून खेळावं लागतं, आणि त्या अंधारात पडद्यावरचं काळं खरोखर काळं दिसत होतं. मग सीएस-गो हा नेमबाजीचा गेम लावला. त्यातल्या डस्ट 2 नकाशाच्या टनेलमध्ये शिरलो आणि वळलो, तर भिंतीच्या कडा ओल्या शाईवरून बोट फिरवल्यासारख्या फराटल्या. थांबलो की चित्र स्वच्छ. हललो की पुन्हा तेच. अंधारातून कुणी आडवा धावत गेला की त्याच्यामागे काळपट शेपूट, आणि नेमकं माणूस कुठे संपतो आणि शेपूट कुठे सुरू होतं तेच कळेना.

मला वाटलं ग्राफिक्स कार्ड गेलं. कॅबिनेट उचलून दुरुस्तीवाल्याकडे नेलं, त्याने तपासायचे 500 रुपये घेतले. कार्ड ठणठणीत होतं. दादाला फोन केला तर म्हणाला, "डोळे तपासून घे." मी खरंच गेलो. नंबर पाव वाढला होता. नवा चष्मा केला. शेपूट तसंच.

शेवटी कल्याणचा एक मित्र त्याचा 24 इंची आयपीएस घेऊन आला. दोन्ही शेजारी ठेवले, दोन्ही 144 हर्ट्झवर, एकच काळ्या पार्श्वभूमीचं पान उघडलं आणि खालीवर सरकवलं. मित्राच्या पडद्यावर पान सरकत असतानाही ओळी वाचता येत होत्या. माझ्या पडद्यावर प्रत्येक अक्षरामागे जांभळट ओघळ. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपून ठेवलं. गणपतीत दादा आला तेव्हा दाखवलं. त्याने अर्धा मिनिट पाहिलं आणि म्हणाला, "मोबाइलचा कॅमेरा काहीही दाखवतो." सगळे हसले. ते मला अजून लागतं.

दादाचं कुठे चुकलं ते सांगतो, कारण तुमचा दुकानदार तिथेच चुकतोय. कॉन्ट्रास्ट हा स्थिर चित्राचा आकडा आहे. 165 हर्ट्झला दर 6 मिलिसेकंदांनी नवी फ्रेम, म्हणजे नवं चित्र, येते, म्हणून पिक्सेलने (पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याने) तेवढ्या वेळात रंग बदलायला हवा. व्हीएचे स्फटिक प्रकाश अडवून उभे असतात, म्हणून काळं इतकं छान येतं. पण काळ्यातून गडद राखाडीत जायला त्यांना जो विजेचा धक्का मिळतो तो फार थोडा असतो, त्यामुळे ते आळसावलेले हलतात. स्वस्त व्हीएमध्ये या एका बदलाला 20 मिलिसेकंदांहून जास्त लागू शकतात. तोवर तीन फ्रेम येऊन गेलेल्या असतात. आणि खोक्यावरचा 1 एमएस बहुतेक वेळा एमपीआरटी, म्हणजे हलतं चित्र डोळ्याला किती वेळ दिसत राहतं त्याचा आकडा, असतो. तो मागचा दिवा उघडझाप करवून मिळवतात. पिक्सेल किती चपळ आहे याच्याशी त्याचा संबंध नाही, शिवाय तो मोड लावला की पडद्याचा उजेड कमी होतो. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेलला जास्त जोराने ढकलणारी मॉनिटरमधली सेटिंग, वाढवून बघा म्हणतील. मी वाढवला होता, तर काळं शेपूट जाऊन पांढरट कड आली.

आता दादाची बाजू, कारण तीही खरी आहे. अंधाऱ्या खोलीत आयपीएसचे कोपरे फिकट उजळतात, हे खोटं नाही. तुम्ही फक्त गोष्टीवाले गेम खेळत असता, तेही रात्री, तर मीच व्हीए घ्या म्हटलं असतं. सगळे व्हीए मंदही नसतात. सॅमसंगचा 2020 चा ओडिसी जी7 व्हीए असूनही चपळ होता, पण त्याची किंमत वेगळी. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो आणि विझतो, म्हणजे काळंही खरं आणि हालचालही स्वच्छ. पण 20 हजारांत तो येत नाही, आणि दिवसभर ऑफिसचं काम करून टास्कबार तसाच पडद्यावर राहणार असेल तर डाग पडायची भीती असते. त्यासाठी थांबू नका. 27 इंचही घेऊ नका, 1080पी ला त्यावर इंचाला 82 पिक्सेल येतात, 24 इंचीवर 92. अक्षरं जाडसर दिसतात, मला रोज दिसतात.

हो, लावल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन 144 निवडा, ते बरेचदा 60 वरच राहतं.

दुकानात ट्यूबलाइटखाली सगळ्यांचं काळं सारखंच दिसतं, म्हणून कॉन्ट्रास्टवर तिथे वाद घालू नका. लॅपटॉप घेऊन जा, मॉनिटर जोडायला लावा, पडद्यावरची हालचाल तपासायची टेस्टयूएफओची साइट उघडा, नाहीतर काळ्या पार्श्वभूमीवर राखाडी अक्षरांचं कुठलंही पान वेगाने सरकवा आणि अक्षरांच्या मागे बघा. दुकानदार जोडू देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.