कांजिण्या अंगावर, तिकीट हातात

नागपूरच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव छापू नका अशी त्यांची विनंती आहे. पत्र थोडं आटोपशीर करून देते:

"वकील मॅडम, मी मानेवाडा रोडला राहतो. वय ४१, खासगी नोकरी. नाशिकला चुलतभावाचं लग्न होतं. निघायच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, अंगावर बारीक फोड दिसले. बुधवारी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कांजिण्या सांगितल्या, गोळ्या दिल्या आणि चिठ्ठीवर 'सात दिवस घरी, गर्दी टाळा' असं लिहिलं. पण तिकिटं दोन महिन्यांपूर्वी काढलेली, आहेराचं सगळं सामान माझ्याकडे. गुरुवारी रात्रीच्या गाडीनं थ्री एसीत बायकोसोबत निघालो. फुल बाह्यांचा शर्ट, गळ्याला मफलर. समोर एक जोडपं होतं, बाई गरोदर होत्या. त्यांना माझा खालचा बर्थ दिला. चादर मी आधीच अंथरली होती, तीच राहिली. गप्पा झाल्या, संत्रा बर्फी दिली, नंबर घेतले. पुढच्या बुधवारी त्या गृहस्थांच्या अंगावर फोड आले. त्यांनी व्हॉट्सॲपवर विचारलं, मी सरळ मनानं लिहून दिलं, 'हो, मलाही होतं, पण मी झाकून ठेवलं होतं.' आता त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे. तीन लाख द्या, नाहीतर पोलिसात जातो. खाली कलमांची रांग. एक मित्र म्हणतो, चिठ्ठी फाडून टाक, डॉक्टरकडून पुढच्या तारखेची दुसरी घे. खरंच हा गुन्हा आहे काय? सर्दी-तापात कोण प्रवास नाही करत?"

भाऊ, एक गोष्ट तुम्हाला पत्र हाती आलं त्याच दिवशी फोनवर सांगितली होती, ती इथेही लिहिते, कारण इतरांना उपयोगी आहे. कांजिण्यांची लागण झाली की फोड दिसायला साधारण १० ते २१ दिवस लागतात. तुमचं पत्र आलं तेव्हा प्रवासाला बाराच दिवस झाले होते. म्हणजे त्या बाईंचा धोका टळला असं कुणालाच म्हणता येत नव्हतं, आणि आता तर घरात नवराच आजारी. गरोदरपणात कांजिण्या झाल्या तर आईलाही जड जातात आणि बाळालाही. त्यांनी लगेच आपल्या डॉक्टरांना दाखवावं, हा निरोप त्यांच्या वकिलामार्फत त्याच दिवशी जायला हवा होता आणि तो गेला, हे बरं झालं. 'आमच्या हक्कांना बाधा न येता' असं वर लिहून दिलेला निरोप म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. पुष्कळ अशील इथे चूक करतात. वकिलानं गप्प राहा म्हटलं की माणुसकीचंही गप्प ठेवतात.

आता चिठ्ठी. ती फाडायची नाही. कोपरासुद्धा नाही.

तुमच्या मित्राला वाटतं तो कागद एकच आहे. तो एक नाही. डॉक्टरांच्या रजिस्टरमध्ये बुधवारची नोंद आहे. त्या संध्याकाळी मेडिकलमधून गोळ्या घेतल्या, पैसे मोबाइलवरून दिले असतील, तर बँकेच्या खात्यात तारीख, वेळ आणि दुकानाचं नाव बसलेलं आहे. पोलिसांना कागद मागवायचा अधिकार आहे आणि ते डॉक्टरांकडूनही मागवू शकतात. मग तुमच्याकडची चिठ्ठी गायब आणि डॉक्टरकडची हजर, हे चित्र न्यायाधीशासमोर कसं दिसेल? त्याहून वाईट म्हणजे शिक्षेचा हिशेब. तुमच्यावर जो गुन्हा लागू शकतो त्याला जास्तीत जास्त सहा महिने कैद आहे. पुरावा म्हणून पुढे येऊ शकणारा कागद नष्ट करण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली तीन वर्षांपर्यंत. सहा महिने वाचवायला तीन वर्षं अंगावर घ्यायची! आणि तारीख बदलून द्या म्हणून डॉक्टरांना गळ घातली तर त्या बिचाऱ्यालाही सोबत ओढाल. व्हॉट्सॲपवरचा तो मेसेजही पुसू नका. तुमच्या फोनवरून गेला तरी त्यांच्याकडे स्क्रीनशॉट असणार, आणि तो कसा सादर करायचा याची तरतूद साक्ष्य अधिनियमात आहे. यापुढे मात्र त्यांना एक अक्षरही थेट लिहू नका.

गुन्हा आहे का? नोटिशीतली कलमं एकेक करून चाळली. निम्मी नुसती भीती घालायला आहेत. साथरोग अधिनियम हा १८९७ सालचा, प्लेगच्या धास्तीनं आलेला कायदा. त्याखाली शासनाचा काही आदेश असेल आणि तो मोडला असेल तर तो लागतो. नागपुरात कांजिण्यांसाठी असा आदेश नव्हता, म्हणून हा अधिनियमही गेला आणि न्याय संहितेतलं आदेशभंगाचं कलम २२३ सुद्धा. विलगीकरणाचा नियम मोडल्याचं कलम २७३ आहे, तेही त्याच कारणानं गळतं. कलम २७२ म्हणजे दुष्ट हेतूनं रोग पसरवणं, दोन वर्षांपर्यंतची शिक्षा. गरोदर बाईला स्वतःचा बर्थ देणाऱ्या माणसाच्या डोक्यात दुष्टावा होता हे सिद्ध करायला त्यांच्या वकिलाला घाम फुटेल.

उरतं कलम २७१. जुन्या भारतीय दंड विधानातलं (भा.दं.वि.) २६९. जीविताला धोकादायक अशा रोगाचा संसर्ग पसरण्याची शक्यता असलेलं कृत्य, बेकायदेशीरपणे किंवा निष्काळजीपणे, तशी शक्यता आहे हे माहीत असताना किंवा तसं मानायला कारण असताना करणं. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. इथे मला तुमच्या बाजूनं गोड बोलता येत नाही.

"माहीत असताना" हा शब्द तुमच्या चिठ्ठीनं भरून काढला. फोड दिसले, डॉक्टरनं नाव सांगितलं, गर्दी टाळा लिहिलं, तुम्ही मफलर गुंडाळला. माणूस झाकतो ते ठाऊक असतं म्हणूनच. आणि "बेकायदेशीरपणे" हा शब्द भरून निघतो रेल्वेच्या कायद्यानं. १९८९च्या रेल्वे अधिनियमात कलम ५६ आहे. ठरवून दिलेले सांसर्गिक रोग असलेल्या माणसानं रेल्वेच्या अधिकृत कर्मचाऱ्याच्या परवानगीशिवाय डब्यात शिरायचं नाही. परवानगी दिली तर त्या कर्मचाऱ्यानं त्याला इतरांपासून वेगळं बसवायचं. परवानगी नसेल तर तिकीट जप्त आणि गाडीतून खाली, रोग्यासोबत असलेल्या माणसाचंही. म्हणजे तुमच्या सौभाग्यवतींचंही. रोगांच्या त्या यादीत गोवर, घटसर्प, गालगुंड यांच्यासोबत कांजिण्या आहेत. साधी सर्दी नाही. "सर्दी-तापात कोण प्रवास नाही करत" याचं उत्तर हे. आपल्यातल्या शंभरातल्या एकालाही हे कलम माहीत नसेल, तिकीट काढताना कुणी विचारतही नाही, हे मला मान्य आहे. पण कायदा ठाऊक नव्हता हा बचाव कोर्टात चालत नाही.

मला राहून राहून आश्चर्य वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आपल्याकडे घरात कुणाला 'माता निघाली' की आजी दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधायची. फोडणीचा वास नको, पाहुणा नको, पोरानं उंबरा ओलांडायचा नाही. देवीचा कोप म्हणून करायची, पण रोग बाहेर जायचा नाही आणि येणाऱ्यालाही बाहेरूनच कळायचं. तुमच्या फुल बाह्यांच्या शर्टानं नेमकं उलटं केलं.

बचावाचे मुद्दे काय आहेत? पहिला, कांजिण्या हा "जीविताला धोकादायक" रोग आहे का, यावर वाद घालता येतो. लहान मुलांत तो बहुधा सौम्य असतो. मोठ्यांत न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो आणि समोर गरोदर बाई होत्या, म्हणून या मुद्द्यावर मी सगळी भिस्त ठेवणार नाही. दुसरा, फोडांची अवस्था. सगळ्या फोडांवर खपली धरली की संसर्ग थांबतो. पण तुमचा तो तिसरा दिवस होता. तिसऱ्या दिवशी खपली धरली म्हणणं म्हणजे डॉक्टरला साक्षीला बोलावून स्वतःचं हसं करून घेणं. हा मुद्दा काढूच नका.

कुणीतरी तुम्हाला आपल्या नागपूर खंडपीठाचा सप्टेंबर २०२०चा निकाल फॉरवर्ड करेल. करोनाच्या काळात म्यानमारच्या ८ नागरिकांवर याच जुन्या २६९-२७० खाली दाखल झालेला गुन्हा न्यायालयानं रद्द केला होता. निकाल महत्त्वाचाच आहे, कारण त्यातून हे कळतं की नुसता संशय किंवा गोंगाट पुरत नाही, संसर्ग पसरवू शकेल असं कृत्य दाखवणारा पुरावा लागतो. पण त्या लोकांची तपासणी निगेटिव्ह आली होती. तुमच्या हातात पॉझिटिव्ह चिठ्ठी आहे. तो निकाल तुमच्या मापाचा नाही.

तुमच्या मापाचं जे आहे ते त्यांच्याच नोटिशीत आहे, आणि ते त्यांच्या वकिलाच्या नजरेतून सुटलं आहे. परिच्छेद चारमध्ये ते लिहितात, प्रवास गुरुवारी, अशिलाच्या अंगावर फोड पुढच्या बुधवारी. बोटांवर मोजा. सहा दिवस. मघाशी सांगितलं, फोड यायला किमान दहा लागतात. म्हणजे त्या गृहस्थांनी हा रोग गाडीत बसण्याच्या आधीच कुठून तरी घेतलेला असणार. तुमच्याकडून नव्हे. तीन लाखांची नुकसानभरपाई मागायची तर तुमचा निष्काळजीपणा आणि त्यांचं नुकसान यांच्यात दुवा लागतो, तो दुवा त्यांच्याच तारखांनी तुटतो. एखाद्या फिजिशियनचं लेखी मत घ्या, दोन ओळींचं पुरे.

पण हुरळून जाऊ नका. ही तारखांची गंमत पैशांच्या दाव्यात चालते, कलम २७१ मध्ये नाही. तिथे कुणाला लागण झालीच पाहिजे असं नाही. शक्यता असलेलं कृत्य पुरे. कुणीही आजारी पडलं नसतं तरी तुमची ती गुरुवारची रात्र त्या कलमात बसली असती. बाईंनी ज्या चादरीवर पाठ टेकली, ती रेल्वेच्या खाकी पाकिटातली पांढरी चादर, तिच्यावर आधी तुम्ही अर्धा तास बसलेले. सरकारी वकिलाला याहून जास्त काही सांगावं लागत नाही.

म्हणून पैसे देऊन विषय संपवावा का? तुमचा तोच विचार दिसतो. हा गुन्हा आपसात मिटवता येण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. तीन लाख दिले, त्यांनी हात मिळवला, आणि गुन्हा मात्र दाखल झालेला असला, तर तो रद्द करून घ्यायला दोघांना उच्च न्यायालयात जावं लागतं. आज गुन्हा दाखल झालेला नाही. न लागलेल्या आगीवर तीन लाखांचं पाणी ओतू नका. त्यांच्या औषधांचा खर्च माणुसकीनं द्यावासा वाटला तर तो वेगळा भाग आहे, पण तोही वकिलामार्फत, 'जबाबदारी मान्य न करता' असं लिहून.

समजा ते पोलिसात गेलेच. गाडीत घडलं म्हणून प्रकरण लोहमार्ग पोलिसांकडे जाईल. प्रवासातल्या गुन्ह्याची तक्रार वाटेत कुठेही होऊ शकते, वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, कुठेही, आणि तिथून चकरा माराव्या लागू शकतात. गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्रही आहे. म्हणजे जामीन हा तुमचा हक्क, मेहरबानी नव्हे. बहुधा आधी हजर राहण्याची नोटीस येईल. ती आली की ठरल्या तारखेला जा, टाळाटाळ करू नका. सहा महिन्यांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल कोर्टाला साधारणपणे एका वर्षाच्या आतच घेता येते, म्हणून ही टांगती तलवार आयुष्यभराची नाही. गुन्हा सिद्ध झालाच तरी पूर्वी काही नसलेल्या माणसाला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायची तरतूद १९५८च्या कायद्यात आहे, ती मागता येते.

लग्नाबद्दल तुम्ही पत्रात एक शब्द लिहिला नाही. हळदीला कुणाकुणाचे हात तुमच्या गालाला लागले ते मी इथे विचारत नाही. तुमचा वकील विचारेल, त्याला खरं सांगा. आणि आमंत्रितांत एखादी गरोदर मुलगी किंवा केमो चालू असलेलं कुणी होतं का, ते आजच भावाला फोन करून विचारा.

पुढच्या वेळी, तुमच्या किंवा कुणाच्याही, असं झालं तर एक सोपा रस्ता आहे. आरक्षित तिकीट गाडी सुटण्याच्या २४ तास आधी अर्ज करून आईवडील, भाऊबहीण, नवराबायको, मुलं यांच्या नावावर करून घेता येतं. बुधवारी संध्याकाळी तुमच्या हातात तेवढा वेळ होता. आहेराची पेटी धाकटा भाऊ घेऊन गेला असता.

नोटिशीत उत्तराला पंधरा दिवस दिले आहेत. ते ती तुमच्या हाती पडल्यापासून मोजायचे, नोटिशीवरच्या तारखेपासून नाही. ज्या पाकिटातून ती आली ते पाकीट आणि त्यावरचा पोस्टाचा शिक्का जपून ठेवा. चिठ्ठी, तिकिटाची प्रत, गोळ्यांचं बिल, व्हॉट्सॲपचं संभाषण जसंच्या तसं, हे सगळं एका फाईलमध्ये घालून सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात ज्या वकिलाला ओळखता त्याच्याकडे सोमवारीच जा. पाकीट घरी विसरू नका.