भाव बघू नकोस, खप बघ

अगं, पन्नास वर्षांच्या भावांचा एवढा मोठा आलेख काढून पाठवलास, प्रत्येक खड्ड्याला लाल गोल, प्रत्येक शिखराला हिरवा, आणि खाली तो प्रश्न: 'सर, तेलाच्या धंद्याची ही घसरण कायमची की नेहमीसारखी?' ऑफिसातले सीनियर सांगतात, दम धर, चक्र आहे, फिरेल. बाहेरचे मित्र सांगतात, बुडीत धंदा आहे, वेळीच बाहेर पड. दोघांचं ऐकून तुझी झोप उडाली आहे. या प्रश्नाने झोप उडायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती तुझ्या आलेखाबद्दल. त्यात भावाशिवाय काहीच नाही. भाव बघू नकोस, खप बघ.

भावाचं काय घेऊन बसलीस? १९७३ च्या अरब देशांच्या तेलबंदीनंतर काही महिन्यांत बॅरल तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेलं. १९८६ मध्ये सौदी अरेबियाने स्वतःचं उत्पादन आवरून सगळ्यांचा भाव सांभाळणं सोडलं, तर तो दहाच्या आसपास कोसळला. २००८ च्या जुलैत १४७, त्याच डिसेंबरात चाळिशीच्या खाली. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेतला तेलाचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेला माल उचलण्याचा करार, उणे ३७ डॉलरवर बंद झाला तेव्हा तर जगभर तेलाचे मृत्युलेख लिहून झाले. घडलं होतं एवढंच की मे महिन्याच्या वायद्याची मुदत संपत आली होती आणि माल जिथे उचलायचा त्या ओक्लाहोमातल्या कुशिंगच्या टाक्यांमधली जागा आधीच कोणी ना कोणी धरून ठेवली होती, म्हणून लोक वर पैसे देऊन करार सोडत होते. दोन वर्षांनी युक्रेनचं युद्ध पेटलं, ब्रेंट, म्हणजे जगभर भावाचं माप मानलं जाणारं तेल, १३० च्या वर जाऊन आलं, आणि लगेच 'तेल परत आलं' म्हणून ढोल वाजले. दोन्ही वेळा लोक बोलत होते ते टाकीतल्या जागेबद्दल आणि मनातल्या धास्तीबद्दल. तेलाचं पुढे काय होणार, याचा त्यात मागमूसही नव्हता.

तू जमिनीखालच्या तेलाच्या साठ्यावर काम करतेस, तेव्हा तुझ्याच कामातलं सांगतो. विहिरीचं उत्पादन निम्म्यावर आलं की तू काय करतेस? नुसता आकडा बघून 'साठा संपला' असं लिहून देतेस का? विहीर बंद करतेस, दाब मोजणारं गेज खाली सोडतेस आणि दाब चढताना बघत बसतेस. तो चढत चढत पूर्वीच्या पातळीला टेकला, तर साठा ठणठणीत आहे. अडलंय ते विहिरीलगत किंवा नळीत: मेण धरलंय, क्षार साचलेत, वाळू बसलीय. साफ केलं की विहीर पुन्हा वाहते. पण दाब खालीच कुठेतरी थांबला, पुढे सरकायला तयारच नाही, तर साठाच उतरलाय. मग वर कितीही खटपट केलीस तरी जुना प्रवाह परत मिळत नाही. वरून बघणाऱ्याला घसरण दोन्हीकडे सारखीच दिसते.

धंद्याचीही अशी चाचणी आहे, आणि ती आपण न सांगता होऊन गेली आहे. तेल स्वस्त झालं तेव्हा गेलेला खप परत आला का? आला असेल तर ती घसरण चक्रातली. नसेल आला तर तो वापर गेला, आणि गेला तो गेला.

१९७९ नंतर सलग चार वर्षं जगाचा खप उतरला, जवळपास दहा टक्क्यांनी. पुढे १९८६ ला तेल मातीमोल झालं, म्हणजे चाचणीला याहून चांगली संधी नाही. गाड्या परत आल्या, मोठ्या होऊन आल्या. विमानं आली. एकूण खपही दशक संपता संपता जुन्या पातळीला पोचला. पण वीजकेंद्रं आली नाहीत! १९७३ मध्ये जगातली जवळजवळ पाव वीज तेल जाळून बनत होती. आज तो वाटा तीन टक्क्यांच्याही खाली आहे. फ्रान्ससारख्या देशाने तेलाचा धसका घेऊन अणुभट्ट्या उभारल्या, आणि ऐंशीचं दशक संपेपर्यंत त्याची सत्तर टक्क्यांहून जास्त वीज त्यांतून येऊ लागली. बाकीच्यांनी कोळसा आणि गॅस धरला. दहा डॉलरचं तेल दारात येऊन उभं राहिलं तरी त्यांनी बॉयलर बदलले नाहीत, कारण भट्टीचा खर्च होऊन गेला होता आणि एकदा खाल्लेली धास्ती माणूस विसरत नाही. एकाच घसरणीच्या पोटात चक्रही होतं आणि कायमचं जाणंही होतं. एकूण आकडा बघणाऱ्याला ते कधीच दिसलं नाही. भाव बघणाऱ्याला तर नाहीच नाही.

आता २०२० घे. महासाथीत जगाचा खप दिवसाला सुमारे नव्वद लाख बॅरलनी कोसळला. एवढी मोठी पडझड आधी कधी झाली नव्हती. २०२३ पर्यंत तो सगळा भरून निघाला आणि वर गेला, दिवसाला दहा कोटी बॅरल ओलांडून. म्हणजे ज्या वर्षी सगळ्यांनी तेलाच्या तिरडीला खांदा दिला, ती निखळ तात्पुरती घसरण होती. आणि त्याच वर्षांत, कुणाच्या फारसं डोळ्यांवर न येता, खरी गळती सुरू झाली. जगातल्या नव्या गाड्यांत विजेवरच्या गाड्या २०२० मध्ये शंभरात चार-पाच होत्या, २०२४ मध्ये पाचात एकीहून जास्त. चीनमध्ये जवळजवळ निम्म्या. नॉर्वेत, जो देश स्वतः तेल विकून श्रीमंत झाला, तिथे दहातल्या जवळजवळ नऊ. २०२२ नंतर तेल बरंच उतरलं तरी हा ओघ उलटा फिरला नाही. दाब वर चढत नाहीये, मुली. चाचणी पुरी झालेली नाही, पण रेघ कुठे वळते आहे ते तुझ्या डोळ्यांना दिसायला हवं.

म्हणून माझं उत्तर घे: गाड्यांत जळणारं तेल जाणार आणि ते परत येणार नाही. प्लास्टिकचा कच्चा माल, विमानाचं इंधन, जहाजं हे बराच काळ राहणार. एकूण खप आधी पठारावर रेंगाळेल, मग हळूहळू उतरेल. कोणत्या वर्षी, ते मला विचारू नकोस. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३ मध्ये याच दशकात शिखर येईल असं सांगितलं, तेल विकणाऱ्या देशांची संघटना ओपेक म्हणते २०५० पर्यंत चढतच राहील. वर्षाची पैज लावणाऱ्यांचं मला काही पडलेलं नाही. वर्ष चुकतं, दिशा चुकत नाही.

यात तुझ्या सीनियरांची एक गोष्ट खरी आहे, ती नाकारू नकोस. तेलाचे साठे आपापल्या गतीने आटतात. उद्या जगभरची सगळी गुंतवणूक थांबवली तर पुरवठा वर्षाला सुमारे आठ टक्क्यांनी घसरेल, असं त्याच ऊर्जा संस्थेने २०२५ मध्ये मांडलं. इतक्या वेगाने खप घटताना कुठेही दिसत नाही. म्हणजे खप उतरत असतानाही माणसं लागणार, भाव मधूनमधून उसळणार, आणि प्रत्येक उसळीला कुणीतरी म्हणणार, बघ, सांगत होतो ना! तेव्हा हे पत्र काढून वाच. भाव बघू नकोस.

पण माणसं लागणार म्हणजे किती? इथे मात्र सीनियर तुला अर्धंच सांगताहेत. १९८१ च्या शेवटी अमेरिकेत विहिरी खणणाऱ्या ४,५०० हून जास्त रिग चालू होत्या, १९८६ च्या उन्हाळ्यात ७०० च्या खाली आल्या. ते चक्र. आता हे बघ: २०१४ मध्ये तिथे सुमारे १,९०० रिग होत्या आणि रोजचं कच्चं तेल नव्वद लाख बॅरलच्या आत. २०२४ मध्ये रिग सहाशेच्या आसपास आणि तेल एक कोटी तीस लाखांच्या वर, त्या देशाचा तोवरचा उच्चांक. तेल वाढलं, रिग एक तृतीयांश राहिल्या. रिगवरची ती कामं भाव दीडशेवर गेला तरी येणार नाहीत. धंदा आणि धंद्यातली नोकरी यांच्या घसरणी वेगळ्या आहेत आणि तुझी आधी सुरू झाली आहे.

तू लिहिलंस, 'भाव पडले तेव्हा तुम्ही ८६ ला धंद्यात थांबलात, ९८ ला थांबलात, मग मला वेगळं का सांगता?' राग आला, पण प्रश्न रास्त आहे. मी थांबलो तेव्हा कपातीच्या याद्या भिंतीवर लागत होत्या. आमच्या बॅचमधले माझ्याहून हुशार लोक गेले, कुणी बँकेत, कुणी शिकवायला, आणि धंदा सावरला तेव्हा त्यांना कुणी परत बोलावलं नाही. ती खंत अजून जात नाही. भरती बंद राहिल्याने पुढे मधली एक पिढीच गायब झाली, आणि कठीण विहिरीवर शेजारी उभं राहून शिकवणारं कुणी उरलं नाही. पण माझं थांबणं आंधळं नव्हतं, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन. तेव्हा मी खप बघत होतो. गाड्या वाढत होत्या, आशियात कारखाने वाढत होते, स्वस्त तेलाला गिऱ्हाईक धावत येत होतं. आज ते मोजमाप वेगळं सांगतंय, म्हणून मीही वेगळं सांगतोय. मी थांबलो म्हणून तू थांब, हा युक्तिवाद माझ्यापुढे पुन्हा आणू नकोस.

आता तुझ्यापुढच्या दोन नोकऱ्या. नव्या शोधाच्या टीमकडे तुझं मन ओढलं जातं, कारण पगार जास्त आणि दिमाख जास्त. दुसरी, जुन्या विहिरी कायमच्या बंद करण्याची, तिला तू 'प्रेतं उचलण्याचं काम' म्हणालीस. हे वाक्य मला आवडलं नाही. ज्या ब्रेंटच्या भावाने तू रोजचा दिवस मोजतेस, ते उत्तर समुद्रातलं ब्रेंट क्षेत्र १९७६ पासून तेल देत होतं. २०२१ मध्ये ते बंद झालं. त्याच्या डेल्टा प्लॅटफॉर्मचा सुमारे २४,००० टनांचा वरचा भाग २०१७ मध्ये एका जहाजाने एकाच वेळी उचलून नेला. ते ज्यांनी केलं ते इंजिनिअरच होते. विहीर बंद करणं म्हणजे तोंडावर झाकण ठेवणं नव्हे. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी केलेलं सिमेंट पाइपामागे अजून धरून आहे का, हे लॉगमधून, म्हणजे विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या नोंदींतून, वाचायचं, जिथे सोडलंय तिथे पाइप कापून किंवा छिद्रं पाडून नवं सिमेंट भरायचं, त्यावर दाब देऊन ते टिकतं का बघायचं, मग पुढचा थर. कागद अर्धे हरवलेले असतात. खडक, द्रव आणि दाब यांचं जेवढं ज्ञान नवी विहीर मागते तेवढंच हे काम मागतं, थोडं जास्तच. अमेरिकेत एक लाखाहून जास्त बेवारस विहिरी नोंदलेल्या आहेत, त्यांतल्या कित्येकींतून मिथेन गळतो, आणि त्या बुजवायला तिथल्या सरकारने २०२१ मध्ये ४.७ अब्ज डॉलर बाजूला काढले. या कामाला तेलाचा खप लागत नाही. नॉर्वेच्या स्लाइपनरला १९९६ पासून कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात साठवताहेत, तिथेही तुझंच शास्त्र चालतं. भूऔष्णिक विहिरींचंही तेच.

शोधाच्या टीमला नाही म्हण, असं मी म्हणत नाही. सही करण्याआधी त्यांना एवढं विचार: तुमचं तेल पहिल्यांदा बाहेर येईल तेव्हा ते कशात वापरलं जाणार आहे? पंपावर की कारखान्यात? आणि बॅरल चाळीस डॉलरला गेलं तरी हा प्रकल्प चालेल का? उत्तरादाखल त्यांनी भावाचा अंदाज पुढे केला तर दुसऱ्या नोकरीचं पत्र उघड. त्यांनी काय सांगितलं ते मला शब्दशः कळव, आणि हो, पगाराचा आकडा त्यात लिहू नकोस.